मत कोणाच्या दावणीला नाही



परवा गटऑफिसच्या कट्ट्यावर एका पाहुण्याने विचारले, "आप्पा, तुम्ही हल्ली नक्की कोणाचे?" म्हटलं, "ऊस कारखान्याचा, दूध डेअरीचं, मत माझं." तो हसला, पण त्याला ते पटले नाही. आपल्याकडे माणूस कोणाच्या तरी दावणीचा असावाच लागतो.

मी पहिले मत १९७७ साली दिले. तेव्हा मतदानाचे वय एकवीस होते, अठरा पुढे १९८९ मध्ये झाले. वडिलांचा शब्द गाय-वासराचा. मी नांगरधारी शेतकऱ्यावर शिक्का मारला आणि घरी येऊन सांगूनही टाकले. वडील दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "दिलंस ते दिलंस, आता पाणी धर जा." ते सरकार १९७९ मध्ये आपसातल्या भांडणात गेले आणि १९८० ला मी वडिलांच्या बाजूने मत दिले. त्याची मला लाज वाटत नाही.

काही मंडळी याला तळ्यात-मळ्यात म्हणतात. त्यांना मी उसाचाच हिशेब दाखवतो. २०१८ पासून केंद्राने इथेनॉलसाठी व्याजसवलतीची कर्जे देऊ केली, कारखान्यांनी आसवन्या उभ्या केल्या. आणि ७ डिसेंबर २०२३ ला, ऐन गळितात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात थोडी सूट मिळाली, पुरती मोकळीक ऑगस्ट २०२४ मध्ये. साखर महागू नये ही काळजी घ्यावी की, पण कर्जाचा हप्ता शेवटी आपल्याच उसाच्या बिलातून जातो. आता दुसरी बाजू. त्याच केंद्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ पूर्वीचा ऊसदर खर्चात धरायला मान्यता दिली आणि सहकारी कारखान्यांच्या डोक्यावरचे आयकराचे जुने ओझे उतरवले. सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा. चांगल्याला चांगले म्हणावे.

इकडे राज्यात फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारने एफआरपी दोन हप्त्यांत द्यायला मुभा दिली. १९६६ च्या आदेशाप्रमाणे हे पैसे चौदा दिवसांत द्यायचे! जूनअखेर सरकार बदलले, हप्ते बदलले नाहीत. तो निर्णय रद्द केला मुंबई उच्च न्यायालयाने, मार्च २०२५ मध्ये. आता मी कोणाचा झेंडा धरू? आणि धरावा म्हटले तर झेंडेवालाच जागेवर राहत नाही. २०२२ ला शिवसेना फुटली, २०२३ ला राष्ट्रवादी. आमच्या भावकीत तर दोन भावांची जेवणाची पंगत वेगळी झाली.

पण हे सगळे लांबचे. मत स्वतंत्र ठेवायची खरी किंमत कळते ती फडात. मागे एका निवडणुकीत (साल सांगत नाही) मी दुसऱ्या पॅनेलच्या सभेला जाऊन बसलो. नुसता बसलो. त्या हंगामात तोडणीची टोळी शेजारच्या बांधापर्यंत आली आणि तिथूनच वळली. माझ्या आडसाली उसाला तुरे आले, वजन घटले. मुकादम म्हणे, "वरून सांगणं आहे." वरून म्हणजे कुठून, हे आजवर कोणी सांगितले नाही. मंडळी म्हणाली, "सभेला गेला नसता तर बांधावर बसून तुरे मोजायची वेळ आली नसती." तिचे चुकले असे मला म्हणवत नाही. दोन एकरवाल्या सभासदाला असली हौस परवडत नाही, म्हणून तो गप्प बसतो आणि आपण त्याला एकनिष्ठ म्हणतो.

विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० साली प्रवरेच्या काठी कारखाना उभा केला. शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच, ही सहकाराची रीत. ते एक मत तोडणीच्या चिठ्ठीत वसूल होत असेल, तर शेअरचा कागद घरात कशाला जपायचा?

म्हणून यंदाच्या सर्वसाधारण सभेत "मंजूर, मंजूर" सुरू व्हायच्या आत मी हात वर करणार आहे. लागणीच्या नोंदीप्रमाणे तोडणीचा क्रम गटवार फळ्यावर लावावा, आणि क्रम मोडला तर कारण त्याच फळ्यावर लिहावे, एवढेच मागणे. अनुमोदनाला दोघे जण तयार आहेत. एक या पॅनेलचा, एक त्या.

आपला,
एक ऊस उत्पादक सभासद