निकाल कोणाचा?

जिल्हा परिषदेच्या शाळेतील मुलांना वाचता येत नाही म्हणून गुरुजींना दोष दिला जातो. पण त्या वर्गात आज बसते कोण? बहुतांशी शेतमजुरांची, ऊसतोड कामगारांची मुले. ऐपतदारांनी आपली मुले खाजगी शाळांत नेली. त्यांच्याबरोबर शाळेवरचा गावाचा धाकही गेला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) सुचविलेली समान शाळा कागदावरच राहिली. २००९ च्या कायद्याने खाजगी शाळांच्या प्रवेशात वंचितांना दिलेल्या २५ टक्के जागांनाही राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये, सरकारी वा अनुदानित शाळा किलोमीटरभरात असल्यास, फाटा दिला. जुलैमध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. त्याच कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. कार्यकर्त्यांनो, तेथे बोलायचे, तर आधी आपले मूल त्या बाकावर बसले पाहिजे.