मुस्तफा, तीन जॉयस्टिक आणि हरवलेलं बटण

ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना ‘मुस्तफा’ समजावून सांगावा लागत नाही. एक रुपयाचं नाणं, व्हिडिओ गेमचं अंधारं दुकान आणि मशीनला चिकटलेली दहा-बारा पोरं. कॅपकॉमच्या १९९३ सालच्या या खेळाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. पण त्या नावाने तो मागणारा मुलगा मला मुरूडमध्ये कधी भेटला नाही. त्यातल्या चार पात्रांपैकी एक मुस्तफा कैरो. पोरांनी त्याच्याच नावाने अख्ख्या खेळाचं बारसं केलं. पुढे कॉलेजात आणि नोकरीत माझं नाव ऐकल्यावर कोणाकोणाच्या कपाळावर आठ्या पडल्या, तो विषय वेगळा. त्या दुकानात मात्र “मी मुस्तफा घेणार” म्हणून सगळ्या आळ्यांतली पोरं भांडायची. मी दोनदा असरची नमाज चुकवली आणि बाबांनी कान धरून बाहेर काढलं, हेही सांगून टाकतो.

आता बाबांच्याच पडवीत मी ते मशीन उभं केलंय. वरची फळी ‘निसर्ग’ वादळात, ३ जून २०२० रोजी, वाडीत आडव्या झालेल्या फणसाची आहे. आत जुना कॉम्प्युटर आणि ‘मेम’ हा मोफत प्रोग्राम. (प्रोग्राम मोफत असला तरी खेळाची मालकी कॅपकॉमची आहे. कुठूनही उतरवून घेतलेली प्रत हलाल कशी, हा प्रश्न धाकट्या भावाने विचारला. त्याचं म्हणणं बरोबर आहे. आपापल्या मनाला विचारूनच करा.) सुतारकाम, रंग, स्क्रीन हे सगळं जमतं. अडतं ते एका लहानशा पाटीपाशी. बटण दाबल्याची खबर कॉम्प्युटरला कीबोर्डच्या भाषेत देणारी ही पाटी म्हणजे कीबोर्ड एन्कोडर.

बहुतेक जण करतात तेच मी आधी केलं. जुना कीबोर्ड उघडला, आतली पाटी काढली, तिला तारा डकवल्या. खर्च शून्य. एकटा खेळलो तेव्हा झकास चाललं. सुट्टीत मुलं जमली, तीन जॉयस्टिकवर तिघं उभी राहिली आणि कटकट सुरू झाली. दोघा मुलांचं नीट चालायचं, सात वर्षांच्या भाचीचा माणूस मात्र मध्येच थिजायचा. “मामू, मी दाबलं होतं!” ती म्हणायची. “तुला खेळताच येत नाही,” भाऊ म्हणायचे. खरं सांगतो, दोन दिवस मीही भावांच्याच बाजूने होतो.

तिसऱ्या दिवशी नुसता मजकूर लिहायचा कागद स्क्रीनवर उघडला आणि तिघांना एकदम बटणं दाबायला लावली. भाचीचं बोट बटणावर होतं, अक्षर मात्र उमटत नव्हतं.

कारण साधं आहे. कीबोर्डला शंभरावर कळा असतात, प्रत्येकीला वेगळी तार दिली तर तारांचं जंगल होईल. म्हणून आडव्या-उभ्या ओळींची जाळी करतात आणि कोणती आडवी कोणत्या उभीला चिकटली यावरून कळ ओळखतात. पण जाळीतल्या एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की चौथाही दाबल्यासारखा दिसतो. हा घोटाळा नको म्हणून बरेच कीबोर्ड अशा वेळी नंतरची कळ सरळ गाळून टाकतात. पत्र लिहिताना हे कधी जाणवत नाही. इथे मात्र जॉयस्टिक तिरकी केली की दोन स्विच, वर मारायचं आणि उडायचं बटण, म्हणजे एका खेळाडूचे चार. तिघांचे बारा.

म्हणून माझं मत ठाम आहे: जुन्या कीबोर्डच्या नादी लागू नका. प्रत्येक बटणाला स्वतःची तार आणि सगळ्यांना मिळून एक ग्राउंड, अशी थेट जोडणीचीच पाटी घ्या. ब्रिटनच्या अल्टिमार्कची ‘आयपॅक’ यासाठी नावाजलेली आहे. बत्तीस बटणं घेणारी, भरवशाची, पण कुरियर आणि कस्टम धरून आपल्याकडे महाग पडते. बाजारात ‘झिरो डिले’ नावाची स्वस्त पाटी मिळते. ती कीबोर्ड नसून गेमपॅड म्हणून ओळख देते, आणि अशा दोन सारख्या पाट्या लावल्या की कॉम्प्युटर पुन्हा चालू केल्यावर पहिला खेळाडू कधी कधी दुसरा होऊन बसतो. शिवाय उशीर हा आपला त्रास नव्हताच. बटण पोहोचतच नव्हतं.

मी रास्पबेरी पाय पिको घेतली. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला, तिथून लॅमिंग्टन रोड. तिला वापरता येण्याजोग्या सव्वीस पिना आहेत. आमचा हिशेब: चार दिशा, दोन बटणं, स्टार्ट आणि नाणं, असे प्रत्येकी आठ, तिघांचे चोवीस. दोन उरल्या.

इथेच थांबलो असतो तर पुन्हा फसलो असतो. तारा वेगळ्या असल्या तरी साधा यूएसबी कीबोर्ड कंट्रोल-शिफ्टसारख्या कळा सोडून एका वेळी सहाच कळा कळवतो. त्यामुळे ‘एन-की रोलओव्हर’ देणारं सॉफ्टवेअर लागतं. ‘क्यूएमके’ हे मोफत मिळतं, त्यात ते आहे आणि थेट जोडणीही आहे.

आणखी एक गंमत. मेममध्ये पहिल्या खेळाडूची बटणं मुळात डावा कंट्रोल आणि डावा ऑल्ट. मुस्तफाची खास लाथ मारायला दोन्ही एकदम दाबतात. माझ्या जुन्या इंटेलवाल्या कॉम्प्युटरवर कंट्रोल, ऑल्ट आणि खालचा बाण म्हणजे स्क्रीन उलटा करायची खूण! ऐन लढाईत डायनासोर पाय वर करून चालू लागले. पोरं हसून लोळली, बाबाही हसले. कळा बदलता येणारी पाटी असल्याने पाच मिनिटांत दुसरी अक्षरं दिली.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी एवढं वेगळं सांगतो. खाऱ्या हवेत स्विचच्या पट्ट्या लवकर गंजतात. ग्राउंडची तार एका बटणावरून दुसऱ्यावर अशी माळेने जाते. मध्ये एक जोड सुटला की पुढची सगळी बटणं मुकी होतात. माळेचं शेवटचं टोक परत पाटीला आणून जोडा, म्हणजे एक जोड सुटला तरी दुसऱ्या बाजूने रस्ता राहतो. आणि विकत घ्या किंवा बनवा, परीक्षा एकट्याने घेऊ नका. घरातली सगळी मुलं उभी करा, एकदम दाबायला लावा, आणि सगळ्यात लहान मूल काय म्हणतं ते आधी ऐका.

भाचीने परवा मगरिबच्या आधी तिसरी पातळी ओलांडली. ती मुस्तफाच घेते. भाऊ उरलेल्या तिघांतून निवडतात.