उंबरठा निघाला, दार मोठं झालं

या आठवड्यात शेजारच्या काकूंच्या दाराची चौकट निघाली. दार ३० इंची, पण उघडल्यावर फळीची जाडी वजा जाता मोकळी वाट जेमतेम २८. काकूंची व्हीलचेअर २५ इंचांची, म्हणजे जाते; चाक फिरवणारी बोटं मात्र चौकटीवर सोलवटतात. काकूंच्या पेरांवरच्या खपल्या पाहिल्या आणि वाटलं, ‘जाते की’ म्हणणाऱ्यांनी एकदा त्या खुर्चीत बसून बघावं. गवंडीदादांनी खडूने रेघ मारली, टेकू दिले, दोन्हीकडे सहा-सहा इंच भिंतीवर टेकेल असं नवं लिंटेल बसवलं आणि मगच खालच्या विटा काढल्या. राहिला उंबरठा, रोज हळदकुंकू वाहिलेला. काकूच म्हणाल्या, “काढा रे, लक्ष्मी काय अडखळतच येते?” आता रांगोळी दाराच्या कडेला असते, चाकांच्या वाटेबाहेर. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने सार्वजनिक इमारती सर्वांना वापरता याव्यात, असं बंधन घातलं. आपल्या घराचं दार मात्र आपल्याच हाती आहे. नवं घर बांधताना प्रत्येक दार, न्हाणीघराचंसुद्धा, ९०० मिलिमीटर मोकळं ठेवाच. म्हातारपण प्रत्येक घरी येतं. त्याला दारात अडवू नका.