आधी चिकोडीत चालवून बघा

नवा गेम येणार म्हटलं की पोरं बीटाची, म्हणजे चाचणी आवृत्तीची, वाट बघत बसतात. फुकटात सगळ्यांच्या आधी खेळायला मिळतं, ही त्यातली हौस. पण बीटाचं खरं मोल वेगळंच आहे.

पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा बॅटल रॉयल गेम ऑक्टोबर 2024 मध्ये बाजारात आणला, तो आधी बीटात खेळाडूंकडून तपासून घेऊनच. ‘बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया’ची चाचणी जून 2021 मध्ये खुली झाली आणि 2 जुलैला गेम रीतसर आला. ‘माइनक्राफ्ट’ तर 2009 पासून अर्धवट असतानाच लोकांच्या हाती होता. पूर्ण आवृत्ती नोव्हेंबर 2011 ची.

कारण गेम बनवणाऱ्यांच्या स्टुडिओत भारी फोन आणि वायफाय. इथे कर्नाटकातल्या चिकोडीत हातात थोरल्या भावाचा जुना अँड्रॉइड, स्टोरेज गच्च भरलेलं, आणि निपाणीच्या बसमध्ये रेंज गेली की ऐन मोक्याला गेम अडकतो. ही खोट इथेच सापडणार.

म्हणून नुसतं ‘लॅग होतंय’ लिहून गप्प बसू नका. फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन, काय करताना अडकलं ते लिहा. स्क्रीन रेकॉर्डिंग जोडा. मराठी-कन्नड अक्षरं तुटत असतील तर तेही कळवा.

कंपन्यांनीही चाचणीच्या नावाखाली जाहिरात उरकू नये, कच्चा माल पुऱ्या दामाला विकू नये. ज्याने चूक दाखवली त्याला ती दुरुस्त झाली की नाही, एवढं तरी कळवावं. फुकट राबणाऱ्याचा तेवढा हक्क आहेच.