बंद घरामागचा खैर

शिमग्याला गावी आलेला चाकरमानी घरामागच्या डोंगरात चढतो आणि आजोबांच्या वेळच्या खैराच्या जागी त्याला नुसता खुंट दिसतो. भोवती पांढऱ्या ढलप्यांचा खच. चोराने घाई केलेली नसते. बाहेरचा पांढरा भाग जागेवरच तासून कातासाठी लागणारा लाल गाभा तेवढा त्याने नेलेला असतो. कोकणात याचे कुणाला नवलही वाटेनासे झाले आहे, आणि आमचे दुखणे तेच आहे.

चोरी म्हणजे काय हे सांगताना 1860 च्या दंड संहितेने दिलेले पहिलेच उदाहरण दुसऱ्याच्या जमिनीतले झाड तोडण्याचे होते. आजच्या न्याय संहितेतही ते आहे. नेण्याच्या इराद्याने झाड जमिनीपासून सुटे केले, की चोरी पुरी झाली. इतके स्वच्छ लिहिलेले असूनही तक्रारदाराला ठाण्यातून वनखात्याकडे धाडतात आणि तिथे ऐकावे लागते, ‘झाड तर मालकीतले!’ त्यात सातबाऱ्यावर वीस नावे, निम्मी मुंबईत, काही केव्हाच वारलेली. फिर्याद द्यायची कोणी?

खुद्द मालकाला खैर तोडायचा तर अर्ज, मोजणी, हातोड्याची छाप, वाहतूक परवाना. चोराला टेम्पो पुरतो.

वनरक्षकाने रात्रभर डोंगर राखावा, ही अपेक्षाच चुकीची. खैर शेवटी जातो कुठे, हे पाहा. तो कुणी दिवाणखान्यात मांडत नाही. तो कातभट्टीत जातो. तेव्हा भट्टीवर उतरलेला माल आणि परवान्यावरचा माल ताडून पाहा, आणि परवाना ज्या गटाचा आहे तिथे जाऊन खुंट मोजा. कागद एका रानाचा आणि ओंडके दुसऱ्याच रानाचे, हे कचेरीत बसून उमगत नाही.

मालकांनीही थोडे हलावे. ई-पीक पाहणीत बांधावरची झाडे नोंदवता येतात. गणपतीला गावी आल्यावर आरत्यांमधून तासभर काढून ते काम उरकता येईल. डोंगरातल्या मोठ्या झाडांचे घेर मोजून फोटो काढावेत. भाऊबंदकी जरा बाजूला ठेवून गावातल्या एका वारसाला अधिकारपत्र द्यावे. शिमग्यात दिसलेल्या ढलप्या गणपतीपर्यंत पावसात वाहून जातात. पंचनामा मृगाच्या आत व्हायला हवा.