पोलिसाच्या हातून गोळी सुटली, तर जाब कसा मागायचा

8 डिसेंबर 2023. उत्तर प्रदेशातल्या अलीगढमध्ये एक बाई मुलाला सोबत घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या. उमऱ्याच्या यात्रेला जायचं होतं, त्यासाठी पासपोर्ट हवा होता आणि पडताळणी तेवढी बाकी होती. त्या टेबलाजवळ उभ्या असताना एका पोलिसाने उपनिरीक्षकाच्या हातात पिस्तूल दिलं. त्याने ते तिथेच, माणसांच्या समोर, हाताळायला सुरुवात केली आणि गोळी सुटली. ती बाईंच्या डोक्यात लागली. काही दिवसांनी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. उपनिरीक्षक ठाण्यातून पळाला. त्याला निलंबित केलं गेलं, गुन्हा नोंदला गेला आणि त्याच्या शोधासाठी बक्षीस जाहीर करावं लागलं.

यातलं बरंचसं आपल्याला कळलं ते ठाण्यातल्या कॅमेऱ्यामुळे. कॅमेरा नसता तर बातमी चार ओळींची झाली असती: शस्त्र साफ करताना चुकून गोळी सुटली, चौकशी सुरू आहे. अशा ओळी आपण वाचतो, हळहळतो आणि पान उलटतो. माझी विनंती एवढीच आहे की यापुढे पान उलटू नका. प्रसंग आपल्या घरावर, शेजाऱ्यावर किंवा गावातल्या कुणावर आला, तर ‘चूक होती, काय करणार’ म्हणून घरी बसू नका. करण्यासारखं पुष्कळ असतं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या काही दिवसांतच करावं लागतं.

आधी पिस्तुलाबद्दल थोडं. हे प्रत्येकाला माहीत हवं, कारण चौकशीत नेमके हेच प्रश्न विचारायचे असतात. गोळी सुटण्याआधी बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात. मॅगझिनमध्ये काडतुसं असावी लागतात, वरची स्लाइड मागे ओढून एक काडतूस चेंबरमध्ये चढावं लागतं, सेफ्टीची कळ असेल तर ती उघडी असावी लागते आणि बोटाने घोडा दाबावा लागतो. त्या क्षणी नळी माणसाकडे, किंवा गोळी उसळून माणसाला लागेल अशा दिशेला वळलेली असेल, तरच माणूस मरतो. यातल्या प्रत्येक पायरीसाठी नियम आहे आणि तो पोलिसाला भरतीनंतरच्या प्रशिक्षणातच शिकवतात. हातात आलेलं शस्त्र भरलेलंच आहे असं धरून चालायचं. नळी कधीही माणसाकडे करायची नाही. गोळी झाडायची नसेल तोवर बोट घोड्यावर न्यायचं नाही. रिकामं करताना आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड ओढायची आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं. हा क्रम उलटा झाला, आधी स्लाइड आणि मग मॅगझिन, तर चेंबरमध्ये नवीन काडतूस चढलेलं राहतं आणि हाताळणाऱ्याला वाटतं पिस्तूल रिकामं आहे. नुसतं मॅगझिन काढून थांबलं तरी धोका तोच.

म्हणजे एखाद्याच्या डोक्यात गोळी जाते, तेव्हा बहुतेक वेळा एक नव्हे तर दोन-तीन नियम एकामागून एक मोडलेले असतात. शस्त्रात दोष असू शकतो, हे खरं. जुनं, झिजलेलं पिस्तूल पडूनही उडू शकतं. तो दोष होता की नाही, हे न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले बॅलिस्टिक तज्ज्ञ घोडा ओढायला किती जोर लागतो ते मोजून आणि सेफ्टी तपासून सांगू शकतात. महाराष्ट्रात हे काम मुंबईत कलिन्याच्या प्रयोगशाळेत चालतं. दोष निघालाच, तर शस्त्रागारातून ते शस्त्र ड्युटीवर कुणी दिलं आणि त्याची शेवटची तपासणी कधी झाली, हे विचारायला हवं.

न्यूयॉर्कमधला एक खटला मला इथे फार महत्त्वाचा वाटतो. 20 नोव्हेंबर 2014 च्या रात्री ब्रुकलिनमधल्या पिंक हाउसेस या वसाहतीत पीटर लियांग नावाचा चिनी वंशाचा नवखा पोलीस अंधाऱ्या जिन्यात शिरला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात पिस्तूल. तो दचकला, गोळी सुटली, भिंतीवर आपटून खाली गेली आणि एक मजला खाली असलेल्या निःशस्त्र तरुणाच्या छातीत शिरली. बचाव असा होता की आवाजाने दचकल्यामुळे हे घडलं, हा अपघात आहे. ज्युरीतल्या माणसांनी ते पिस्तूल हातात घेऊन घोडा स्वतः ओढून पाहिला. त्याला जवळपास पाच किलोचा जोर लागत होता. नुसतं दचकून एवढा जोर कसा पडेल, हे त्यांना पटेना. फेब्रुवारी 2016 मध्ये त्यांनी लियांगला सदोष मनुष्यवधासाठी दोषी ठरवलं. पुढे न्यायाधीशांनी तो गुन्हा निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूपर्यंत खाली आणला. शिक्षा पाच वर्षांचं प्रोबेशन आणि 800 तास समाजसेवा. नोकरी गेली. शहराने मृताच्या कुटुंबाला चाळीस लाख डॉलरहून अधिक भरपाई दिली. शिक्षा कमी झाली असं अनेकांना वाटलं, मलाही वाटतं. पण तिथे ‘अपघात’ हे उत्तर कुणी आयतं स्वीकारलं नाही. वस्तू हातात घेऊन, तपासून निर्णय झाला.

आपल्या कायद्यात याला जागा आहे. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. या कलमात डॉक्टरांसाठी वेगळी, कमी शिक्षेची तरतूद आहे. पोलिसांसाठी अशी कोणतीही सवलत नाही. माणूस गंभीर जखमी झाला तर कलम 125 खाली तीन वर्षांपर्यंत. कुणाला काही झालं नाही, पण जीव धोक्यात आला, तरी 125 लागू होतं. ही कलमं दखलपात्र आहेत. म्हणून एनसीवर, म्हणजे अदखलपात्र नोंदीवर, बोळवण होत असेल तर ती मान्य करू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2013 मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलं आहे. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेऊनच बाहेर पडा.

ठाण्याने नकार दिला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांना पाठवा. शहरात पोलीस आयुक्तालय असेल तर उपायुक्त आणि आयुक्तांना. तिथेही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. लोकसेवकाविरुद्धची तक्रार असल्याने ते आधी त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवू शकतात. त्याने गोंधळून जाऊ नका, ती प्रक्रियाच आहे.

आता सगळ्यात घाईचं काम. कॅमेऱ्याचं चित्रण. परमवीर सिंग सैनी खटल्यात 2 डिसेंबर 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे लावण्याचा आणि चित्रण 18 महिने, निदान एक वर्ष तरी, जपून ठेवण्याचा आदेश दिला. प्रत्यक्षात कॅमेरे बंद असतात, ही तक्रार इतकी वाढली की 2025 मध्ये न्यायालयाला स्वतःहून पुन्हा दखल घ्यावी लागली. म्हणून वाट बघू नका. घटनेच्या दुसऱ्या दिवशीच, जमलं तर त्याच दिवशी, साध्या कागदावर पुढच्यासारखं लिहा आणि त्याची पोच घ्या:

‘अमुक तारखेला अमुक वेळेच्या सुमारास आपल्या ठाण्यात/हद्दीत पोलीस कर्मचाऱ्याच्या शस्त्रातून गोळी सुटून अमुक व्यक्ती जखमी/मृत झाली. घटनेआधी दोन तास ते घटनेनंतर चार तास या काळातलं सर्व कॅमेऱ्यांचं चित्रण, स्टेशन डायरीतील नोंदी, शस्त्र व काडतूस वाटपाची नोंदवही, संबंधित शस्त्र, मॅगझिन, उरलेली काडतुसं व पुंगळी जतन करून सीलबंद करावी. कॅमेरा बंद असल्यास तो कधीपासून बंद आहे व दुरुस्तीची मागणी कधी केली, हे लेखी कळवावं.’

हाच कागद अधीक्षकांना आणि राज्य मानवी हक्क आयोगाला स्पीड पोस्टाने पाठवा. शेवटचं वाक्य गाळू नका. कॅमेरा बंद होता, एवढंच तोंडी सांगून विषय संपवता येतो. तसं लेखी द्यायचं म्हटलं की सही करणारा दहा वेळा विचार करतो.

रुग्णालयात गोळीच्या जखमेची मेडिकोलीगल नोंद होते. त्या नोंदीचा क्रमांक टिपून ठेवा. गोळी कुठून शिरली, कुठून बाहेर पडली, जखमेभोवती बंदुकीच्या दारूचे डाग आहेत का, यावरून अंतर आणि दिशा कळते. ‘खाली पडून उडालं’ असं कुणी म्हणत असेल आणि गोळी वरून खाली गेली असेल, तर ते डॉक्टरांच्या कागदावर दिसेल. तपास त्याच ठाण्याकडे राहू नये, वेगळ्या पथकाकडे किंवा सीआयडीकडे जावा, ही मागणीही पहिल्याच अर्जात करा. रोज ज्यांच्यासोबत चहा घ्यायचा त्यांचाच पंचनामा करायचा, हे कोणत्याही माणसाकडून अपेक्षिणं चूक आहे.

‘विभागीय चौकशी लावली आहे’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. ती होऊ द्या. पण ती नोकरीपुरती असते: वेतनवाढ रोखणं, बदली, बडतर्फी. ती फौजदारी गुन्ह्याची जागा घेऊ शकत नाही आणि एक चालू आहे म्हणून दुसरी थांबवावी लागत नाही. खटला भरायला सरकारची मंजुरी लागते, असंही सांगतील. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याला ती लागते, हे बरोबर आहे. गणवेशात केलेली प्रत्येक कृती मात्र त्या संरक्षणात बसत नाही, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. शिवाय नव्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार मंजुरीच्या मागणीवर 120 दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असंच धरलं जातं. या तारखा वहीत लिहून ठेवा. पोलिसांविरुद्धच्या दाव्यांना महाराष्ट्र पोलीस कायद्यात मुदतीचं बंधन आहे, मानवी हक्क आयोगाकडेही वर्षाच्या आत जावं लागतं. दुःखात वर्ष कसं निघून जातं ते कळत नाही, म्हणून हे काम घरातल्या, नात्यातल्या एखाद्या खंबीर माणसाकडे सोपवा.

भरपाई मागायला संकोचू नका. ‘माणसाच्या जिवाचे पैसे घेतले’ असं बोलणारे भेटतील. त्यांच्या घरचा कर्ता गेलेला नसतो. नीलाबती बेहरा खटल्यात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की राज्याच्या नोकराने जगण्याचा हक्क हिरावला तर भरपाई देणं ही राज्याची जबाबदारी आहे. त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही, वकील मोफत मिळतो. पोलीस सुधारणांविषयीच्या प्रकाश सिंग खटल्यानंतर आपल्या राज्यात पोलीस तक्रार प्राधिकरणही आलं आहे, गंभीर दुखापतीची तक्रार तिथे नेता येते.

हे सगळं सांगताना शिपायांविषयी माझ्या मनात राग नाही. बारा-बारा तास उभं राहून, झोप अर्धवट टाकून ड्युटी करणाऱ्याच्या कमरेला भरलेलं पिस्तूल असतं. सराव पुरेसा मिळत नसेल, शस्त्र जमा करताना ते रिकामं करायला बाजूची सुरक्षित जागा नसेल, तर अशी गोळी एक दिवस त्याच्या सहकाऱ्यालाही लागते, त्याला स्वतःलाही लागते. म्हणून जाब फक्त घोडा दाबणाऱ्याला विचारून थांबू नका. भरलेलं पिस्तूल त्याच्या हातात देणारा कोण होता, ठाण्याचा प्रभारी कोण होता, त्या कर्मचाऱ्याचा शेवटचा गोळीबार सराव कधी झाला, हेही तक्रारीत विचारा. लियांगच्या खटल्यानंतर अमेरिकेतल्या चिनी वंशाच्या लोकांनी मोर्चे काढले, की इतर सुटले आणि नवख्या पोराला पकडलं. त्यांच्या म्हणण्यातला एवढा भाग आपण घ्यावा: जाब सगळ्यात खालच्या माणसापाशी संपू नये.

आणि काही घडलेलं नसताना करायचं ते असं. ठाण्यात गेल्यावर कुणी टेबलावर शस्त्र हाताळत असेल तर नळीच्या रेषेतून बाजूला व्हा, लेकरांना बाजूला घ्या आणि ‘साहेब, ते जरा बाजूला नेता का’ असं म्हणा. हे म्हणायला धाडस लागतं, मान्य आहे. पण प्रत्येक चांगला पोलीस ते ऐकेल. तुमच्या भागात शांतता समिती किंवा मोहल्ला समितीची बैठक होते, तिथे गणपती-मोहरमच्या बंदोबस्ताबरोबर हेही विचारा: आपल्या ठाण्यात शस्त्र रिकामं करायला वाळूची पेटी ठेवलेली वेगळी जागा आहे का, आणि ती लोकांच्या वर्दळीपासून किती दूर आहे? उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या बैठकीला जागा बघून या.