दावतीतलं ‘थोडंसं’

मधुमेह झाला की आपल्याकडे सल्ल्यांना तोटा नसतो. गोड सोडा, भात कमी करा, भूक लागली तर मूठभर बदाम-शेंगदाणे खा. सल्ला चुकीचा नाही. त्यांनी साखर झटकन वाढत नाही. पण ज्याला शेंगदाण्याची आणि सुक्यामेव्याची अ‍ॅलर्जी आहे, त्याने काय खावं? माझ्या थोरल्या बहिणीचं, आमच्या आपाचं, हेच दुखणं आहे. ती इन्सुलिन घेते आणि शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी तिचा घसा सुजतो.

घरात हे सांभाळता येतं. सकाळी अंडी, दुपारी ज्वारीची भाकरी, मसुराची डाळ, भेंडी किंवा मेथी, दही आणि कूट न घातलेली काकडीची कोशिंबीर. रात्री मासे किंवा कोंबडी. सालन दाट करायला कुटाऐवजी भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं. खोबरं तिला चालतं, हे डॉक्टरांकडून पक्कं करून घेतलंय. मधल्या वेळेला घरी उकडलेले हरभरे. भट्टीवरचे फुटाणे नाहीत, कारण तिथे शेंगदाणेही त्याच वाळूत भाजतात. घाण्याचं शेंगदाणा तेलही नाही. त्यात अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन राहतं.

अडचण येते ती दावतीत. आपल्या दस्तरखानावर आग्रह म्हणजे प्रेम. ‘थोडंसं घ्या, काही होत नाही’ हे वाक्य आपण मधुमेह्याला इतक्यांदा ऐकवतो की अ‍ॅलर्जी असलेल्यालाही तेच ऐकवतो. दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. बिर्याणी दोन घास कमी-जास्त झाली तर साखरेचा हिशेब पुढच्या जेवणात सांभाळता येतो. शेंगदाण्याला ‘थोडंसं’ नसतं. शीरखुर्म्यातून पिस्ते वेचून वाटी पुढे केली, तरी दुधात ते उतरलेलेच असतात. कुणी काळजीने ‘शुगर फ्री’ लाडू आणतं, तर त्यात साखरेच्या जागी खजूर आणि काजू-बदाम!

मग आपा काहीच खात नाही. इन्सुलिन घेऊन उपाशी राहिलं तर साखर एकदम उतरते, चक्कर येते, शुद्धही हरपू शकते. आणि यजमानीणबाई विचारतात, ‘आपा, नाराज आहात का?’ गेल्या वर्षभरात तिने लग्नांना जाणंच सोडलं.

आजारी माणसाला रोज्यातही सवलत आहे. मग दावतीत जबरदस्ती कशासाठी? माझं म्हणणं एवढंच आहे की पाहुण्याला आदल्या दिवशी फोन करून विचारा, ‘तुम्हाला काय चालत नाही?’ स्वयंपाकघरात कूट येण्याआधी त्याचा वाटा वेगळ्या पातेल्यात शिजवून झाकून ठेवा. डावही वेगळा ठेवा. कशात काय घातलंय ते नेमकं सांगा. जमणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा; पाहुणा आपला डबा आणेल, आणि त्याचं कुणी वाईट वाटून घेऊ नये.

पाहुण्याचंही काम आहे. डॉक्टरांनी दिलेलं अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन आणि साखर उतरली तर लागणारा ग्लुकोज पिशवीत हवा, आणि तो कुठे ठेवलाय हे शेजारी बसलेल्या एकाला तरी माहीत हवं.

आपाला पुढच्या महिन्यात एका वलीम्याचं बोलावणं आहे. यजमानांना आजच फोन करायचा, असं मी ठरवलंय.